पेलेट स्टोव्हचा घरगुती कंट्रोलर: प्रकल्प नोंदी, हिवाळा २०२२-२३

९ ऑक्टोबर २०२२

पेलेट स्टोव्ह (लाकूडभुसा दाबून केलेल्या छोट्या कांड्यांवर, म्हणजे पेलेटवर चालतो) शेडमध्ये येऊन पडला एकदाचा. ओतीव लोखंड आणि जाड पत्रा, उचलताना दोघांची कंबर गेली. वीसेक वर्षांपूर्वीचं मॉडेल, विकणाऱ्याने सरळच सांगितलं की मोटरी सगळ्या चालू आहेत पण कंट्रोलचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड जळालाय, आणि कंपनी आता त्या मॉडेलचा बोर्ड बनवत नाही. रिफर्बिश्ड बोर्ड साडेतीनशे डॉलर, म्हणजे घोड्यापेक्षा नाल महाग. म्हणून तर मला स्वस्तात मिळाला. कंट्रोलर मीच बनवणार.

इकडे न्यू हॅम्पशायरमध्ये नोव्हेंबर ते मार्च मागच्या शेडमध्ये बोटं चालत नाहीत. माझं सोल्डरिंगचं टेबल तिथे आणि मुलीचा तबल्याचा रियाजही तिथेच, घरात इतरांच्या मीटिंगा चालू असतात. आत्तापर्यंत १५०० वॉटचा इलेक्ट्रिक हीटर लावायचो, पण ऑगस्टपासून आमच्याकडे विजेचा दर दुपटीच्या वर गेला, युनिटला २२ सेंट, तेही वहनखर्च सोडून. हिशोब सोपा आहे. पेलेटची पिशवी ४० पौंडाची म्हणजे १८ किलो, किलोमागे साधारण ४.७ युनिट उष्णता, स्टोव्ह ८० टक्के एफिशियंट धरला तर एका पिशवीतून ६८ युनिट शेडमध्ये येतात. तेवढीच उष्णता विजेने घेतली तर पंधरा डॉलर, पिशवी सात-आठ डॉलरला.

इन्शुरन्सवाल्यांना फोन करून आधीच विचारलं. घरात लावणार असाल तर कंट्रोलर बदललेला स्टोव्ह चालणार नाही, कारण मूळ सेफ्टी लिस्टिंग, म्हणजे चाचणीनंतरचं सुरक्षिततेचं प्रमाणपत्र, त्याच्या मूळ बोर्डासकट असतं. म्हणून शेड, घरापासून लांब, आणि फायर डिपार्टमेंटचं परमिट काढून. कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म दोन, एक शेडमध्ये, एक घरात. ज्याला हे सगळं कटकट वाटतं त्याने असले उद्योग करू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

१५ ऑक्टोबर

उघडून, राख काढून, सगळ्या वायरी टेपने मार्क करून ठेवल्या. आतला कारभार एवढाच आहे: वर हॉपर, त्यात पेलेट, खालून एक स्क्रू म्हणजे ऑगर, मिनिटाला एक-दोन फेरे घेणारी गियर मोटर तो फिरवते आणि पेलेट वरून बर्न पॉटमध्ये टपटप पडतात. बर्न पॉटच्या तळाला भोकं, त्यातून हवा येते. ती हवा कोणी आत ढकलत नाही, धुराड्याच्या बाजूचा एक्झॉस्ट ब्लोअर बाहेर ओढतो, त्यामुळे अख्ख्या पेटीत कायम थोडा निगेटिव्ह प्रेशर असतो आणि धूर फटीतून खोलीत येण्याऐवजी खोलीची हवाच आत जाते. हे डोक्यात पक्कं बसलं की बाकीचं सोपं. दुसरा ब्लोअर फक्त गरम पत्र्यावरून खोलीची हवा फिरवतो. शिवाय पेलेट पेटवायला ३०० वॉटचा इग्नायटर. सगळं १२० व्होल्ट एसी.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ती म्हणाली, "अरे हा तर आपला बंबच की, फक्त फुंकणी उलट्या बाजूला लावलीय." एका वाक्यात डिझाइन सांगितलं बाईने.

घरगुती पेलेट स्टोव्ह ही कल्पना मूळची अमेरिकेच्या वायव्येकडची, १९७३ च्या तेलटंचाईनंतर लाकूडभुशाचे पेलेट बनायला लागले आणि १९८० च्या दशकात वॉशिंग्टन राज्यातल्या जेरी व्हिटफील्ड नावाच्या इंजिनिअरने त्यावर चालणारा घरातला स्टोव्ह बाजारात आणला, हा माणूस आधी बोइंगमध्ये होता. माझ्या स्टोव्हची रचना पण त्याच घराण्यातली आहे, वरून पेलेट टाकणारी.

२२ ऑक्टोबर

फराळाच्या गडबडीत आज फक्त कागदावरचं काम, पण सगळ्यात महत्त्वाचं तेच.

स्टोव्हमध्ये आधीपासून काही मुकी स्विचं आहेत. व्हॅक्यूम स्विच, म्हणजे पेटीतला निगेटिव्ह प्रेशर गेला की उघडतो. हाय लिमिट, पत्रा फार तापला की उघडतो. ऑगरच्या नळीवर एक, आग उलटी हॉपरकडे सरकायला लागली तर ती नळी तापून हा उघडतो. आणि हॉपरच्या झाकणाचा. नेटवर बरेच जण ही सगळी स्विचं मायक्रोकंट्रोलरच्या, म्हणजे कोड चालवणाऱ्या चिपच्या, पिनांना जोडतात आणि मग कोडमध्ये लिहितात की हा उघडला तर ऑगर बंद कर. मला हे अजिबात पटत नाही. ही चारही स्विचं ऑगरच्या लाइनमध्येच सिरीजमध्ये, एकामागे एक, राहणार, १२० व्होल्ट त्यांच्यातूनच जाणार. चिपला फक्त ऑप्टोकपलरमधून (वायर न जोडता प्रकाशाने सिग्नल पोचवतो) कळेल की कोणतं उघडलंय, म्हणजे स्क्रीनवर नाव दाखवता येईल. चिपने ऑगर मागायचा, द्यायचा की नाही हे स्विचं ठरवणार. कोड मी रात्री अकरा वाजता लिहितो, त्याच्या भरवशावर आग ठेवायची नाही.

एक्झॉस्ट ब्लोअरचं याच्या बरोब्बर उलट. कंट्रोलर मेला तर ऑगर बंद पडला पाहिजे पण ब्लोअर चालू झाला पाहिजे, कारण पॉटमध्ये निखारे असतात. म्हणून ब्लोअरला रिलेच्या (विजेने खेचला जाणारा स्विच) नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे रिले सुटलेला असताना जोडलेल्या, कॉन्टॅक्टमधून थेट लाइन दिली. रिले खेचलेला असेल तरच ब्लोअर माझ्या स्पीड कंट्रोलकडे जातो, रिले सुटला की फुल स्पीड.

आणि हा रिले खेचून कोण धरणार? चिपची एक पिन सेकंदाला कितीतरी वेळा वरखाली होते, ती कपॅसिटर आणि दोन डायोडमधून जाते आणि त्यावर रिलेचा ट्रान्झिस्टर चालतो. पिन हायला अडकली तरी रिले सुटतो, लोला अडकली तरी सुटतो. एकच पथ्य, ती पिन कोडच्या मेन लूपमधून हलवायची, टायमर इंटरप्टमधून (ठरावीक वेळाने आपोआप चालणारा कोडचा तुकडा) नाही, कारण कोड लटकला तरी इंटरप्ट आनंदाने चालू राहतो. ऑगरच्या लाइनमध्ये पण याच रिलेचा दुसरा कॉन्टॅक्ट घातला.

३० ऑक्टोबर

फळीवर चार बल्ब होल्डर ठोकले, ऑगर, एक्झॉस्ट, रूम ब्लोअर, इग्नायटर अशी नावं लिहिली आणि सगळा सिक्वेन्स बल्बांवर चालवून बघितला. मुलगी म्हणे गणपतीचं डेकोरेशन लवकर चालू केलं का बाबा.

ऑगरचा एलईडी बल्ब बंद असताना पण मंद पेटलेला दिसत होता. कोडमध्ये काही नाही, ऑगरच्या सॉलिड स्टेट रिलेच्या (हलते कॉन्टॅक्ट नसलेला इलेक्ट्रॉनिक रिले) आत स्नबर, म्हणजे व्होल्टेजचे झटके शोषणारं छोटं सर्किट, असतो त्यातून काही मिलिअँपिअर गळतात आणि एलईडीला तेवढे पुरतात. तिथे जुना तारेचा ६० वॉटचा बल्ब लावला, गेलं.

पण त्यावरून शेजारच्या आजोबांशी बोलणं निघालं. ते रिटायर्ड इलेक्ट्रिशियन आहेत, आयुष्यभर फॅक्टरीतली पॅनलं केलेली. ते म्हणाले सॉलिड स्टेट रिले मरतो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होऊन मरतो, म्हणजे कायमचा चालू. ऑगर कायमचा चालू म्हणजे पॉट भरून पेलेट बाहेर सांडणार. सुदैवाने २२ तारखेचा तो दुसरा कॉन्टॅक्ट आहेच, फक्त एक भर घातली: चिप ऑगर मागत नाहीये आणि ऑगरवर व्होल्टेज दिसतंय असं झालं की पिन हलवणं बंद, म्हणजे मेन रिले सुटणार.

६ नोव्हेंबर

एक्झॉस्ट ब्लोअरचा स्पीड. शेडेड पोल मोटर आहे, तिला ट्रायॅकने, म्हणजे एसीच्या इलेक्ट्रॉनिक स्विचने, फेज अँगल द्यायचा, म्हणजे प्रत्येक अर्ध्या सायकलचा थोडाच भाग मोटरला. ६० हर्ट्झला अर्धी सायकल ८.३३ मिलिसेकंदांची, झिरो क्रॉसिंग, म्हणजे व्होल्टेज शून्यातून जाण्याचा क्षण, एच११एए१ चिपने पकडायचं, मग जेवढा उशीर लावाल तेवढा स्पीड कमी. इथे ऑप्टोट्रायॅक (ट्रायॅकला चालू करणारी चिप) घेताना नंबर नीट बघा, एमओसी३०४१ मध्ये झिरो क्रॉसिंग आतच असतं त्यामुळे तो फेज कंट्रोलला चालतच नाही, एमओसी३०२१ लागतो. ट्रायॅकवर स्नबर हवाच, मोटर इंडक्टिव्ह आहे, त्याशिवाय ट्रायॅक वेळेवर बंद होत नाही.

चालला, पण ब्लोअर दर थोड्या वेळाने घुर्र घुर्र करून स्पीड बदलायचा. ईएसपी३२ या वायफायवाल्या मायक्रोकंट्रोलरवर वायफाय चालू असताना इंटरप्टला काही मायक्रोसेकंद उशीर होतो, कधी बराच होतो, आणि तो सगळा फेज अँगलमध्ये दिसतो. वायफाय बंद केलं की मोटर एकदम शांत. कोर वेगळे करा, प्रायॉरिटी वाढवा वगैरे उपाय आहेत म्हणे, मी त्यात पडलोच नाही. आग, ब्लोअर, ऑगर सगळं आर्दुइनो नॅनो या एका साध्या, वायफाय नसलेल्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाकडे दिलं आणि ईएसपी३२ फक्त फोनवर आकडे दाखवायला. दोघांमध्ये सीरियल लाइन, आणि ईएसपीला फक्त दोन गोष्टी सांगायची परवानगी: किती तापमान हवंय, आणि बंद कर. चालू कर हे फोनवरून नाहीच. स्टोव्ह पेटवायचा तर शेडमध्ये जाऊन, पॉट रिकामा आहे हे डोळ्याने बघून, बटण दाबून.

अजून एक, फार कमी स्पीडवर ही मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही. सुरुवातीला दोन-तीन सेकंद फुल देऊन मग खाली आणायची.

१२ नोव्हेंबर

धुराच्या नळीतला थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारा प्रोब. के टाइप, सोबत तो वाचणारी मॅक्स३१८५५ चिप. स्वस्तातला मॅक्स६६७५ पण होता ड्रॉवरमध्ये, पण ३१८५५ वायर तुटली, शॉर्ट झाली हे वेगवेगळं सांगतो आणि इथे तेच हवंय. लावल्या लावल्या ग्राउंड शॉर्टचा फॉल्ट. प्रोबचं टोक आतून धातूच्या आवरणाला जोडलेलं असतं, आवरण स्टोव्हला टेकतं, स्टोव्ह अर्थला. अनग्राउंडेड प्रोब मागवला, वीस डॉलर. गप्प बसला फॉल्ट.

१९ नोव्हेंबर

आज आग नाही, किचनचा काटा. इग्नायटर बंद ठेवून ऑगर सलग पाच मिनिटं चालवला आणि पॉटच्या जागी वाटी ठेवून पेलेट वजन केले. ३४० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सलग चालला तर तासाला चार किलो. मला कमीत कमी आग हवी ती तासाला ६०० ग्रॅमची, म्हणजे १५ टक्के, सहा सेकंदांपैकी ०.९ सेकंद ऑगर चालू. त्यातून अडीच किलोवॅटच्या आत उष्णता, शेडला पुरे.

मग दुसऱ्या ब्रँडची पिशवी उघडून तेच केलं तर आकडा बराच खाली आला. पेलेट लांब होते. जाडी सगळ्यांची सहा मिलिमीटर, पण लांब पेलेट एकमेकांत अडकून ऑगरच्या खाचेत कमी बसतात, आखूड आणि चुरा असेल तर ठासून बसतात. म्हणजे मी कोडमध्ये १५ टक्के लिहिलं तरी आगीला खरंच किती मिळतंय हे पिशवी ठरवते. पिशवी बदलली की काटा काढायचा, एवढाच उपाय सध्या.

२६ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंगची सुट्टी, आजोबा खुर्ची टाकून बसले, फायर एक्स्टिंग्विशर त्यांच्या मांडीवर. पहिली आग.

क्रम असा: एक्झॉस्ट फुल, व्हॅक्यूम स्विच मिटला का बघायचं, इग्नायटर चालू, पॉटमध्ये मूठभर पेलेट, मग ऑगर थांबवून वाट बघायची. पांढरा धूर पॉटमध्ये घुमायला लागला, बराच वेळ नुसता धूर, आणि मग भप्पकन पिवळी ज्वाळा. थर्मोकपल चढायला लागला. पेटलं हे ठरवायला मी नुसतं तापमान धरत नाही, सुरुवातीपेक्षा किती वाढलं आणि वाढतंय का हे बघतो, नाहीतर आधीच गरम असलेला स्टोव्ह पेटलाय असं चिपला वाटेल.

वीस मिनिटांत नाही पेटलं तर अलार्म, आणि परत प्रयत्न आपोआप नाही. हे आजोबांनी ठासून सांगितलं. न पेटलेले पेलेट पॉटमध्ये धुमसत असतात, त्यावर अजून पेलेट टाकले की पेटी लाकडाच्या वायूने भरते आणि मग ठिणगी पडली की काच उडते. पॉट हाताने रिकामा करायचा, मगच बटण.

४ डिसेंबर

स्टोव्ह चालतोय पण शेड डुलतेय. २० डिग्री सेट केलं की २३ ला जातं, मग १७ ला येतं, परत २३. मला स्क्रीनवर दिसायच्या आधी मुलीला कळलं. "बाबा, तबला दर वीस मिनिटांनी चढतो आणि उतरतो, मी काय वाजवू?" हवा तापून कोरडी झाली की पुडी ताणते आणि सूर वर जातो, गार झाली की खाली. हातोडी घेऊन गठ्ठे ठोकून वैतागली ती.

पीआयडी (हवं ते तापमान आणि असलेलं तापमान यातला फरक बघून सतत फीड कमीजास्त करणारं गणित) लावला होता, तोच मुळात चुकीच्या जागी. स्टेप टेस्ट घेतली: ऑगर वाढवला आणि थर्मोकपल बघत बसलो. दोन मिनिटं काहीच नाही, मग चढायला लागला आणि स्थिर व्हायला पंधरा मिनिटं. आत्ता पडलेला पेलेट आत्ता उष्णता देत नाही, आधी वाळतो, मग त्याचा वायू जळतो, मग कोळसा, आणि वर लोखंड तापायला वेळ. पीआयडीला वाटतं अजून काहीच झालं नाही, म्हणून तो अजून पेलेट ओततो. गेन, म्हणजे त्याच्या प्रतिक्रियेचा जोर, कमी करून करून शेवटी इतका मंद झाला की असून नसून सारखा.

काढूनच टाकला. आता पाच पायऱ्या, खोली थंड वाटली तर एक पायरी वर, आणि त्यानंतर दहा मिनिटं काहीही वाटलं तरी हात लावायचा नाही. सर्वात खालच्या पायरीवर पण खोली तापत राहिली तर व्यवस्थित विझवायचं. या कंट्रोलरचं निम्मं कोड म्हणजे नुसतं थांबणं आहे.

११ डिसेंबर

पायरी बदलताना ज्वाळा काळपट होऊन काचेवर काजळी धरत होती. पायरी वर जाताना आधी हवा वाढवायची आणि अर्ध्या मिनिटाने पेलेट, खाली येताना आधी पेलेट कमी आणि मग हवा. मोठ्या बॉयलरांत हेच करतात, म्हणजे कुठल्याही क्षणी इंधनापेक्षा हवा जास्तच राहते. काच बरीच स्वच्छ राहायला लागली.

हवा किती हे मात्र डोळ्यानेच. आळशी नारिंगी ज्वाळा आणि टोकाला काळं म्हणजे हवा कमी, पॉटमधून निखारे उडतायत म्हणजे जास्त. ऑस्ट्रियातल्या पेलेट बॉयलरांत धुरातला ऑक्सिजन मोजणारा लॅम्ब्डा सेन्सर असतो, गाडीत असतो तसा. मला मोह झाला होता. पण अजून एक गोष्ट बिघडणार, म्हणून नको.

२४ डिसेंबर

काल वादळ. आमच्या भागात आणि शेजारच्या मेन राज्यात झाडं पडून लाइटी गेल्या, आमची दुपारी गेली, स्टोव्ह तिसऱ्या पायरीवर जोरात चालू असताना.

याची तयारी गेल्या रविवारी झाली होती. प्युअर साइनचा, म्हणजे घरच्या लाइनसारखीच गुळगुळीत वेव्ह देणारा, छोटा इन्व्हर्टर आणि बॅटरी, त्यावर फक्त एक्झॉस्ट ब्लोअर आणि कंट्रोलर. ऑगर आणि इग्नायटर थेट मेनवर, म्हणजे घरच्या विजेच्या लाइनवर, त्यामुळे लाइट गेली की पेलेट पडणं वायरिंगनेच बंद, कोणाला विचारायची गरज नाही. कॉम्प्युटरचा साधा यूपीएस आधी लावून बघितला होता, त्याच्या चौकोनी वेव्हवर मोटर किंचाळते आणि तापते. इन्व्हर्टरची फेज मेनशी जुळत नसते, म्हणून मेन गेली की ट्रायॅकचा नाद सोडून ब्लोअर सरळ रिलेवरून फुल.

झालं पण तसंच. ब्लोअर एकदम मोठ्याने ओरडला, ज्वाळा काही मिनिटांत खाली बसली, निखारे लाल होऊन मग राखाडी, धूर शेडमध्ये आला नाही. ब्लोअर साठेक वॉट खातो, थंड व्हायला अर्धा तास धरला तरी ३० वॉट-अवर, बॅटरीला काहीच नाही. लाइट परत आली तेव्हा स्क्रीनवर "बटणाची वाट बघतोय". घरात ऑइलची भट्टी पण विजेशिवाय बंदच, त्यामुळे रात्री सगळे दोन रजया घेऊन. इन्व्हर्टरवर चहाची किटली लावायला मागत होते घरचे, दिली नाही.

४ फेब्रुवारी २०२३

काल रात्रीची थंडी. आमच्याकडे पारा उणे २० सेल्सिअसच्या खाली, माउंट वॉशिंग्टनच्या शिखरावर विंड चिल, म्हणजे वाऱ्यामुळे जाणवणारं तापमान, उणे १०८ फॅरनहाइट नोंदला गेला, म्हणजे उणे ७८ सेल्सिअस. थंडीपेक्षा वाऱ्याने छळलं. झोत धुराड्याच्या तोंडावर आला की उलटा दाब बसतो, व्हॅक्यूम स्विच क्षणभर उघडतो, आणि माझा कोड लगेच अलार्म देऊन सगळं विझवायचा. मध्यरात्री पार्का घालून शेडच्या फेऱ्या.

आता स्विच उघडला की ऑगर त्याच क्षणी थांबतो, ते वायरीतच आहे, त्यात मी काही केलेलं नाही. फक्त अलार्म द्यायच्या आधी चिप पंधरा सेकंद वाट बघते. झोत गेला की स्विच परत मिटतो, आगीला कळत पण नाही. स्विच तारेने जंपर करून टाकायचे सल्ले मिळतात यावर, ते देणाऱ्याच्या घरी जेवायला पण जाऊ नये. उन्हाळ्यात धुराड्याला वाऱ्याची टोपी आणि बाहेरून हवेची वेगळी नळी.

१९ फेब्रुवारी

कॉलेजातला मित्र नाशिकला फरसाण बनवतो, त्याच्या कढईखाली पेलेट बर्नर आहे, ब्लोअर आणि फीड दोन्ही नॉबने हाताने फिरवतात. त्याला हाच कंट्रोलर हवाय. बराच वेळ बोललो. एसी ब्लोअर असेल तर ५० हर्ट्झला अर्धी सायकल १० मिलिसेकंदांची, टायमिंगचं टेबल बदलावं लागेल, त्याच्याकडे १२ व्होल्टचा डीसी ब्लोअर आहे त्यामुळे ट्रायॅकची भानगडच नाही, साधा मॉस्फेट (डीसीचा इलेक्ट्रॉनिक स्विच).

खरी अडचण राखेची. इथले प्रीमियम पेलेट लाकडाचे, राख एक टक्क्याच्या आत. त्याच्याकडे शेतातल्या काडीकचऱ्याचे, राख त्याच्या कितीतरी पट आणि ती वितळून पॉटमध्ये दगडासारखी चिकटते, भोकं बुजतात. माझ्या कोडमध्ये पॉट साफ करायची वेळच नाही, मी दोन दिवसांनी हाताने खरवडतो. त्याला दर काही तासांनी फीड थांबवून, हवा फुल करून पॉट झटकायचा टप्पा लागेल, आणि कढई तेलाची असल्यामुळे तेलाचं तापमान वेगळ्या हाय लिमिटवर, तेही फीडच्या लाइनमध्ये सिरीजमध्ये. व्हॅक्यूम स्विच त्याला उपयोगाचा नाही, त्याचा ब्लोअर आत फुंकतो. तिथे ब्लोअरच्या तोंडाशी प्रेशर स्विच लावायचा.

सर्किटचा कागद पाठवलाय. कोड पुढच्या आठवड्यात, आधी त्याने पाच मिनिटांचं वजन करून आकडा कळवायचाय.